सुकटीची पाटी आणि शिकारीचा वाटा

रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा व्हावयाच्या सुमारास, म्हणजे १६७४ सालच्या मे-जून महिन्यांत, मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाच्या बोलण्यासाठी गडावर मुक्कामास होता. आणि त्या मुक्कामाची जी हकीकत डॉक्टर जॉन फ्रायर याच्या प्रवासवर्णनात उतरली आहे, तीत सिंहासन, नजराणे आणि दरबारी रीतिरिवाज यांच्या दाटीत एका म्हाताऱ्या खाटकाचीही गाठ पडते. गडावरचा नित्याचा आहार डाळ-तांदळाच्या खिचडीचा व तिच्यावर तुपाचा; तो या परदेशी पाहुण्यांना फार दिवस मानवेना, म्हणून त्यांच्यासाठी रोज अर्धा बकरा पोचता करण्याची तजवीज झाली; आणि एरव्ही वर्षानुवर्षांत आपल्या हातून जेवढे मांस खपत नाही तेवढे थोडक्या दिवसांत फस्त करणारी ही माणसे आहेत तरी कशी, हे डोळ्यांनी पाहावे म्हणून तो खाटीक मुद्दाम गड चढून वर आला. इतिहासकारांनी या वृद्धाची दखल विनोदापुरती घेतली आहे. माझ्या मते या मुलखाच्या खाण्यापिण्याविषयीची त्याच्याइतकी निःस्पृह साक्ष दुसरी नाही. कारण ज्याचा धंदाच मांस विकण्याचा, त्याच्या तोंडूनच राजधानीच्या दाराशी मांस किती दुर्मिळ होते हे आपल्याला कळते.

ज्या मुलखाची ही गोष्ट, त्याची रचना समजून घेतल्यावाचून पुढचे काही कळणार नाही. महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावलेली सावित्री पोलादपुराजवळ सखल भूमीत येते, महाडाशी गांधारीला पोटात घेते, दासगावाखाली खाडी होऊन पसरते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्या मधून समुद्रास मिळते. भरतीचे पाणी महाडापर्यंत चढत असल्यामुळे मोठी गलबते दासगावास थांबवून लहान मचव्यांनी माल वर नेण्याची वहिवाट शतकानुशतके चालू होती. पूर्वेस वरंधा, पार आणि आंबेनळी या वाटा देशावर चढतात. दक्षिणेस मात्र पोलादपूर सोडले की कशेडीचा घाट आडवा येतो, आणि तो ओलांडला की उतार जगबुडीच्या काठच्या खेडाकडे जातो. म्हणजे कशेडी ही दोन खाड्यांच्या मधली भिंत. सागर तिच्या दोन्ही बाजूंना फार दूर नाही. परंतु डोंगरातल्या वाडीत बसलेल्या कुणब्याला, धनगराला वा कातकऱ्याला तो दिसत नाही, त्याचा फक्त वास येतो, आणि तो वास पाटीतून येतो.

त्या पाटीत असे काय? जवळा, सुकट, सोडे, वाकट्या, बोंबील, खारा बांगडा. बोंबील उत्तरेकडून, मुंबई-उरणच्या बाजूने यावयाचे. खारवलेला बांगडा दक्षिणेकडच्या बंदरांतून. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या जात, वाटा चिखलाने व ओढ्यांनी तुटत, आणि चार महिने घरात जे साठवलेले असेल त्यावरच दिवस काढावे लागत. म्हणून मृगापूर्वी जी बेगमी करावयाची तिला या भागात आगोट म्हणतात, आणि आगोटीच्या यादीत मीठ-मिरचीच्या बरोबरीने सुक्या मासळीचा मान ठरलेला असतो. देशावरून गूळ, कांदा, लसूण आणि हिरडा खाली येई, त्याच बैलांच्या पाठीवर मीठ व सुकी मासळी वर जाई. या व्यवहाराची बखर कोणी लिहिली नाही. लमाणाच्या तांड्यांवर आणि गलबतांच्या नाखव्यांवर थोडेफार लिहिले गेले आहे. डोकीवर पाटी घेऊन वाडीवाडीत मासळी पोचवणाऱ्या बाईवर फारसे नाही.

मात्र सरकारी दफ्तराने या मासळीकडे एका बाजूने बारकाईने पाहिले, ती बाजू मिठाची. मिठावर कर होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. १८८८ साली मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०७ मध्ये उतरत उतरत एक रुपयावर आला, आणि संपूर्ण उठला तो १९४७ साली. मासळी खारवणाऱ्याला बाजारभावाने मीठ घेणे परवडेना, तेव्हा तो एक तर मीठ कमी टाकी आणि माल नासे, किंवा खारट मातीवर भागवी आणि माल खराच मातीमोल होई. यावर तोड म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रास व मुंबई इलाख्यांच्या किनाऱ्यावर सरकारी देखरेखीखाली खारवणीची आवारे उघडण्यात आली, जेथे कुंपणाच्या आत मासळी आणावी, करमुक्त अथवा सवलतीच्या दराचे मीठ घ्यावे, आणि खारवलेला माल बाहेर काढावा, असा शिरस्ता होता. कशेडीच्या माथ्यावरच्या झोपडीत भाकरीबरोबर भाजल्या जाणाऱ्या बांगड्याची प्रत कलकत्त्याच्या कायदेमंडळात ठरत होती, हे त्या झोपडीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

दुसरीकडे अरण्य होते. जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव १६५६ साली झाला तेव्हा ज्या निबिड झाडीचा धाक सगळ्या महाराष्ट्राला होता, तिचाच हा पश्चिमेकडचा उतार. त्यात रानडुक्कर, सांबर, भेकर, पिसोरी, साळिंदर, ससा, रानकोंबडा. सर्वांत जवळचे नाते डुकराशी, कारण ते वैराचे नाते. भात पोटरीला आले, नाचणीची कणसे भरली, की रात्री डुकरांचा कळप एका वरकस तुकड्याची वर्षाची मेहनत दोन तासांत उकरून टाकी. म्हणून शिकार येथे राजविलास नव्हती. ती शेतीच्या कामाचाच एक भाग होती. ठासणीच्या बंदुकीचा परवाना पिकाच्या रक्षणासाठी मिळे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने जी बंदूक सर्वसाधारण रयतेच्या हातून काढून घेतली, ती या निमित्ताने गावात एखाददुसरी राहू शकली, आणि ज्याच्या घरी ती टांगलेली असे त्याला गावात एक वेगळेच वजन प्राप्त होई.

शिमग्याच्या दिवसांतली पारध मात्र निराळी. तीत पिकाचा प्रश्न नसे, कारण पीक तेव्हा घरात आलेले असे. तीत प्रश्न असे गावकीचा. रान वाटून घ्यावयाचे, एका अंगाने हाकेकऱ्यांनी आरडाओरडा करीत, डबे वाजवीत जनावर उठवावयाचे, दुसऱ्या अंगाने बंदूकवाल्यांनी मोक्याच्या वाटा धरून दबा धरावयाचा, आणि जनावर पडले म्हणजे वाटे घालावयाचे. खरे पाहता पारधीचे सर्व कायदेशास्त्र या वाट्यांत आहे. देवाचा वाटा, ज्याचा बार लागला त्याचा जादा वाटा, कुत्र्यांचा वाटा, आणि मग हाकेला आलेल्या प्रत्येकाचा सारखा वाटा. आजारी म्हणून घरी राहिलेल्यास द्यावा की नाही, यावर होणारे तंटे मामलेदाराच्या कचेरीतल्या तंट्यांपेक्षा कमी चुरशीचे नसत. सागुती शिजे त्या रात्री वाडीचा आवाज वेगळा येई. आणि त्या रात्रीच्या गोष्टी पुढली वीस वर्षे सांगितल्या जात, डुकराचे सुळे प्रत्येक कथनागणिक बोटभर वाढत जात.

आता सुकी मासळी आणि शिकार या दोन्हींना तराजूत घालू. पोषणशास्त्र हिंदुस्थानात बऱ्याच उशिरा आले. रॉबर्ट मॅककॅरिसन याने निलगिरीतल्या कुन्नूर येथे १९१८ च्या सुमारास सुरू केलेल्या संशोधनातून पुढे जी संस्था वाढली व १९५८ साली हैदराबादेस गेली, तिने आपल्या देशी अन्नाचे पृथक्करण करून कोष्टके प्रसिद्ध केली. त्या कोष्टकांत ओला बोंबील अत्यंत केविलवाणा दिसतो, कारण त्याच्या शंभर भागांत अठ्ठ्याऐंशीच्या आसपास पाणीच असते. परंतु उन्हाने ते पाणी काढून घेतले, की त्याच बोंबलाच्या शंभर ग्रॅमांत साठ ग्रॅमच्या घरात प्रथिने आणि एक ग्रॅमहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम, हाती लागते. रानडुकराच्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात साडेएकवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने, सव्वातीन ग्रॅम स्निग्धांश, आणि चुना म्हणाल तर दहा-बारा मिलिग्रॅम. हरणाच्या मांसात प्रथिने तेवीस, स्निग्धांश अडीचाच्या आत, आणि लोह साडेतीन मिलिग्रॅमच्या जवळपास. लोहाच्या बाबतीत मात्र रानाची बाजू बळकट आहे. धावणाऱ्या जनावराच्या स्नायूला जो काळसर लाल रंग असतो, तो ज्या द्रव्याचा, त्यातले लोह शरीर फार सहज उचलते, आणि वर्षानुवर्षे बाळंतपणांनी फिकट पडलेल्या बायकांना त्याची गरज सर्वांत अधिक होती. वाट्यात त्यांच्या वाटणीस काय येई, हे ज्याने त्याने आपल्या आजीला विचारावे.

एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, साठ किलोचे डुक्कर पडले, त्यातून तीस किलो सागुती निघाली आणि वाडीत चाळीस घरे आहेत. घराच्या वाट्यास पाऊण किलो आले. आता समजा, त्याच घराने आगोटीला दोन किलो सुके बोंबील भरले. त्या दोन किलोंत जेवढी प्रथिने, तेवढी मिळवण्यास रानडुकराचे साडेपाच किलो मांस हवे, म्हणजे अशा सात-आठ पारधी यशस्वी व्हावयास हव्यात. आणि सात-आठ पारधी यशस्वी होण्याचे वर्ष कोणाच्या स्मरणात नसते. शिवाय शिकारीचे मांस रात्रीपुरते. मासळी श्रावणातल्या सोमवारांना वगळून चार महिन्यांची. डोंगराळ मुलखात अन्नातल्या आयोडिनाच्या अभावी गळ्याला गलगंड येतो, हे हिमालयाच्या पायथ्याशी फार मोठ्या प्रमाणावर दिसून आले आहे. समुद्राचे मीठ आणि समुद्राची मासळी जेथवर पोचते तेथवर हा धोका कमी. हाडांचा विचार करताना नाचणीला विसरून चालणार नाही, शंभर ग्रॅममागे तीनशेंहून अधिक मिलिग्रॅम चुना तिच्यात असतो. पण तिच्यातली काही द्रव्ये तो चुना अडवून धरतात. जवळा कवचासकट खाल्ला जातो हे त्याचे बलस्थान, आणि चैत्र-वैशाखात तो कैरी घालून केला जातो, त्या कैरीतल्या आंबट जीवनसत्त्वाने भाकरीतले लोहही अंगी लागते. असा योग साधणाऱ्या गृहिणीने कोष्टक पाहिलेले नव्हते.

तात्पर्याने मावळ्याच्या मनगटातली ताकद शिकारीची, ही जी समजूत आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी दृढ केली, ती मला मान्य नाही. उमरठचे तानाजी मालुसरे ज्या डोंगरात राहिले त्या डोंगरातल्या सामान्य माणसाचे रोजचे मांस समुद्रातून आले. रानातले मांस हा त्याचा सण होता. मान मात्र सणाला मिळाला. पाटीतल्या मासळीला वास येतो, ती बाई विकते, ती पैशाने वा भाताच्या मापाने मिळते, तिच्यासाठी कोणी बार काढीत नाही. मग तिचे पोवाडे कोण गाणार?

मांसाला जो मान-अपमान चिकटतो, त्याची याच महाडात झालेली चर्चा याहून फार गंभीर आहे. १९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवशी भरलेल्या परिषदेत, ज्या परिषदेतून चवदार तळ्याचा सत्याग्रह घडला, डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळ्या-उष्ट्याचे तुकडे सोडून देण्यास सांगितले. ज्या मांसाच्या मिठात मुरवून वाळवलेल्या पट्ट्यांना मराठवाड्याकडे चान्या म्हणतात, त्या निव्वळ प्रथिनांच्या मापाने शिकारीच्या वाट्याला हार जाणाऱ्या नव्हेत. तरीही त्या सोडाव्यात असे त्या पुरुषाने सांगितले आणि सहस्रावधी लोकांनी ते मानले, कारण कोणते मांस कोणाला कोणत्या वाटेने मिळते, यात माणसाची पायरी कोरलेली असते. आणि ही पायरी कोणत्याही कोष्टकाच्या रकान्यात बसत नाही.

पण सुकी मासळी आणि शिकारीचे मांस या दोन्ही अन्नांत एक समान उणीव होती, आणि ती लक्षात आल्यावाचून तिसऱ्या अन्नाचे, पत्र्याच्या डब्यातल्या मासळीचे, मर्म कळत नाही. उणीव स्निग्धांशाची. रानातले जनावर बारीक. आणि उन्हात चांगली वाळते तीही मासळी बारीकच. ज्या मासळीत तेल भरपूर, ती तारली, उन्हात ठेवली की तिचे तेल हवेने कडू होते; म्हणून दक्षिण किनाऱ्यावर तारलीचे थवेच्या थवे लागत त्या वर्षी तिचे तेल काढीत आणि उरलेला चोथा, कित्येकदा अख्खी मासळीही, माडाच्या बुंध्याशी खत म्हणून घालीत. स्निग्धांशावाचून नुसत्या बारीक मांसावर माणूस तगत नाही, हे उत्तर ध्रुवाकडच्या लोकांना पुरते ठाऊक होते. विल्यालमुर स्टेफान्सन नावाच्या प्रवाशाने १९२८ साली न्यूयॉर्कच्या इस्पितळात वैद्यांच्या देखरेखीखाली केवळ मांसाहारावर राहून पाहिले, तेव्हा चरबीविरहित मांस देताच तो थोड्या दिवसांत आजारी पडला आणि चरबी मिळताच सुधारला. तिकडे याला सशाची उपासमार म्हणतात. कशेडीच्या रानातला कातकरी ससा खाई; तो उपाशी मेला नाही याचे श्रेय भाताला व नाचणीला, आणि जमेल तेव्हा खुरासणीच्या तेलाच्या चार थेंबांना.

डब्याने नेमके हेच कोडे सोडवले. फ्रान्सच्या निकोला आपेर याने अन्न बाटलीत बंद करून उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधून सरकारकडून बारा हजार फ्रँकांचे बक्षीस मिळवले व १८१० साली ती रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडात बाटलीऐवजी कल्हई केलेल्या पत्र्याचा डबा वापरण्याचे पेटंट घेण्यात आले. आणि थोड्याच वर्षांत नाँत बंदरात तारलीच्या जातीची मासळी तेलात बुडवून डब्यांत भरण्याचा उद्योग उभा राहिला. डब्यात हवा नाही, म्हणून तेल कडू होत नाही. बंद डबा वाफेच्या दाबाखाली पाण्याच्या उकळबिंदूहून पुष्कळ वर तापवतात, म्हणून आतले जंतू मरतात आणि मासळीचे काटे इतके मऊ होतात की ते चावून खाता येतात. डब्यातल्या तारलीच्या शंभर ग्रॅमांत प्रथिने चोवीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे रानडुकराहून किंचित सरस. स्निग्धांश अकराच्या पुढे, आणि तोही हृदयाला हितकर मानला जाणारा. चुना जवळजवळ चारशे मिलिग्रॅम. लोह तीनच्या आसपास, म्हणजे हरणाच्या फारसे मागे नाही. उष्णतेने काही नाजूक जीवनसत्त्वे जातात, मीठही पुष्कळदा अधिक पडते. तरी शिकारीच्या मांसात डुकराच्या अंगचे कृमी नीट न शिजल्यास माणसात येतात आणि बंदुकीच्या छऱ्यांचे शिसे मांसात उतरते, हे ध्यानात घेता आरोग्याच्या दृष्टीनेही डब्याचे पारडे खाली झुकते.

हा डबा हिंदुस्थानात आला तो साहेबाच्या मुदपाकखान्यासाठी आणि पलटणीच्या कोठारासाठी. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे प्रवर्तक सर फ्रेडरिक निकल्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मलबारातल्या बेपूरकडे तारली डब्यांत भरण्याचे प्रयोग करवले. खत होणारी मासळी अन्न व्हावी हा त्यांचा हेतू स्तुत्यच होता, पण गरिबाच्या दृष्टीने डब्याचा पत्राच आतल्या मासळीहून महाग पडे, हा त्यातला दोष कोणालाच निवारता आला नाही. ज्या कोकणी माणसाला घरी कधी डबा दिसला नाही, त्याला तो लष्करात दिसला. पण कोठारातला शिधा संपला की मांसाचा मान-अपमान तेथेही आड येई; याचे एक दारुण उदाहरण आठवते. तैग्रिसकाठच्या कूत येथे डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ अखेर तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कोठारे रिकामी झाली तेव्हा घोडे व खेचरे मारून शिधा देण्यात येऊ लागला, पण हिंदी शिपायांनी अखेरच्या दिवसांपर्यंत ते मांस बहुतांशी नाकारले, आणि गोऱ्या शिपायांना जेथे बेरीबेरीने ग्रासले तेथे हिंदी शिपायांत हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही शेकड्यांनी पसरला. ताज्या मांसात त्या रोगाला रोखणारे काही असते, हे तेव्हाच्या वैद्यांना कळत होते; शिपायाला ते पटवणे त्यांच्या हाती नव्हते. 

रानाकडची वाट कायद्याने क्रमाक्रमाने बंद केली. १९१२ चा पशुपक्षी संरक्षणाचा कायदा, मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा आणि शेवटी १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम, ही तीन कुंपणे एकापुढे एक पडत गेली आणि शिमग्याची पारध अपराध ठरली. ते योग्यच झाले असे माझे मत आहे, कारण रानच इतके उरले नव्हते की त्याने वाटे पुरवावेत. मात्र डुकराने उकरलेले शेत पाहत बांधावर उभ्या राहिलेल्या माणसासमोर हे मत मांडताना माझा आवाज जरा खाली येतो. खाडीकडची वाट मात्र मोकळी राहिली. गलबते गेली, एसटी आली, कोकण रेल्वे आली, आणि आता कशेडीच्या पोटातून बोगदाही गेला. घाटाची वळणे चुकवून मोटारी थोड्या मिनिटांत खेडाकडे उतरतात. महामार्गाच्या दुकानांतून तेलातल्या मासळीचे चकचकीत डबे दिसतात. ते मुख्यत्वे प्रवासी घेतात.

वाडीत मे महिन्याच्या अखेरीस अजूनही अंगणात सुकट पसरलेली असते. तिला शेवटचे एक कडक ऊन दाखवतात, मांजराला हाकतात, मुठीने चाचपून ती वाजते की नाही पाहतात, आणि दुपार कलण्याच्या आत, दमट वारा सुटण्यापूर्वी, ती एका पत्र्याच्या डब्यात दाबून भरतात, झाकणाखाली कागदाची घडी घालतात, कडेने जुन्या धडप्याची पट्टी आवळून बांधतात. डबा बहुधा जुना असतो, कधी काळी डालड्याचा, माडाच्या झाडाचे चित्र अर्धे पुसलेला.